दारामागच्या किल्ल्या

३ फेब्रुवारी

सकाळी सातला बेल. नर्सबाई. तिला निळ्या गाडीची किल्ली हवी होती, मी लाल गाडीची दिली. पाच मिनिटांनी परत आली आणि वर तिनेच माफी मागितली! "काका, माझंच लक्ष नव्हतं." लक्ष माझं नव्हतं. ते दोघांनाही माहीत होतं.

नंतर दिवसभर बेल चालूच. किल्ली द्या, किल्ली घ्या. प्रत्येक जण दारात जरा थांबतो, खाली बघतो, काहीतरी म्हणतो. मी मान हलवतो. ही गेल्यापासून लोकांना माझ्याशी नेमकं काय बोलावं ते कळत नाही. पूर्वीही कळत नव्हतं, पण तेव्हा ती दारात असायची.

७ फेब्रुवारी

गाडी मंडळाचे सेक्रेटरी भेटायला आले. पेशाने दातांचे डॉक्टर, आणि तोंड उघडं ठेवायची सवय रुग्णांपेक्षा त्यांनाच जास्त. बराच वेळ हिच्याबद्दल बोलले. अकरा घरांनी दोन गाड्या वाटून वापरायच्या, एवढ्यावर हिने मंडळ कसं सुरू केलं. त्या दोनांतली एक आमची. पहिल्याच दिवशी तिने ती मंडळात घातली. "दिवसभर उभ्या राहून या गाड्या करतात काय? झोपा काढतात!" असं म्हणत दारोदार फिरली होती म्हणे. आता सहा गाड्या, साठाच्या वर घरं. किल्ल्या सुरुवातीपासून आमच्याकडे. दारामागे फळी, फळीला आकडे. फोन करून वेळ ठरवायची, किल्ली हातात घ्यायची, काम झालं की हातात आणून द्यायची. फोन पूर्वी हिला यायचे, आता मला येतात.

बोलून झाल्यावर मी म्हणालो, "डॉक्टर, त्या किल्ल्या तेवढ्या दुसरीकडे हलवा."

"कुठे?"

"कुठेही. मला झेपत नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. "भाऊ, तुम्ही म्हणाल तसं. आम्हालाच सुचायला हवं होतं."

झालं एकदाचं सांगून.

८ फेब्रुवारी

बरं वाटलं. काल सांगितलं ते योग्यच केलं.

१२ फेब्रुवारी

"येतोच" दोन तास उशिरा आला. हे नाव हिने ठेवलेलं. कधीही फोन करा, तो "येतोच" म्हणणार आणि येणार मात्र नाही. कुरिअरचं काम करतो. गाडीत चिखल, मागच्या सीटवर पुठ्ठ्यांचे तुकडे. मी किल्ली फळीला अडकवली. तो जरा वाट बघत उभा राहिला.

"काकू असत्या तर झाडू हातात दिला असता," म्हणाला.

"देऊ का?"

"द्या ना."

झाडू घेऊन गेला. गाडी झाडली, झाडू परत आणून दिला आणि शिट्टी वाजवत निघून गेला.

१५ फेब्रुवारी

चष्म्याची काडी तुटली आहे. दुकानात जायला जमलं नाही. सकाळी सात ते रात्री नऊ, दिवसभर, किल्लीसाठी कोणी ना कोणी येणार असतं. रविवारी तर जास्तच. काडीला चिकटपट्टी लावली.

१९ फेब्रुवारी

टेलरकाका आले. लग्नाच्या ऑर्डरचे कपडे पोचवायला त्यांना मोठी पांढरी गाडी लागते. कपडे दुमडलेले चालत नाहीत. हिला ते ताई म्हणायचे. किल्ली खिशात घालून म्हणाले, "ताई म्हणायच्या, गाडी परत द्यायला आलेल्या माणसाचं तोंड बघितलं की तो कुठे जाऊन आला ते कळतं."

"कळायचं का?"

"माझं कळायचं. मी एकदा कपडे पोचवून बहिणीकडे गेलो होतो. आमचं बरीच वर्षं बोलणं नव्हतं. आल्यावर ताईंनी नुसतं विचारलं, जेवायला घातलं का तिने?"

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्या वेळी आतल्या खोलीत असणार. नोकरीत असताना ऑफिसात, निवृत्त झाल्यावर आतल्या खोलीत. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढण्यात जन्म गेला, आता हौस म्हणून जुने नकाशे नव्याने काढत बसतो. मधलं दार बंद असलं की बेल ऐकू येते, बोलणं ऐकू येत नाही.

२० फेब्रुवारी

मधलं दार उघडं ठेवलं. हवा खेळती राहते.

२४ फेब्रुवारी

तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं. दोघंही नोकरीवाले, ती इंजिनिअर, तो बँकेत. दारातच जुंपली. गाडी तिने तिच्या आईकडे जायला ठरवली होती, त्याने त्याच वेळेला मित्राला घ्यायला.

"तू विचारलंस का मला?"

"तू तरी सांगितलंस का?"

मी किल्ली धरून उभा. शेवटी तोच हसायला लागला. "काकू म्हणायच्या, भांडायचंच असेल तर गाडीत बसून भांडा. काचा लावल्या की घराची अब्रू घरात आणि गाडीची गाडीत."

तीही हसली. मग दोघं मिळून गेली. आधी तिची आई, मग त्याचा मित्र.

ही असं बोलायची? घरात फारशी बोलायची नाही. मीच बोलत नाही म्हणून असेल.

२८ फेब्रुवारी

अक्काचा फोन. आठ दिवस ये माझ्याकडे, म्हणाली. मी म्हणालो, किल्ल्या आहेत.

"किल्ल्या आहेत म्हणजे? कुत्रा पाळलायस का? त्याला खायला घालायचंय, फिरवायचंय?"

मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

"अरे मग दे की कुणाला तरी सांभाळायला!"

देणारच आहे, म्हणालो. डॉक्टरांनी मनावर घेतलंय.

४ मार्च

मोठ्या रस्त्यावरच्या नारिंगी गाड्या एका रात्रीत गेल्या! कंपनीच्या होत्या. फोनवर उघडायच्या, कुठेही सोडायच्या, ना किल्ली ना दार. दीड वर्षापूर्वी आल्या तेव्हा आमच्या मंडळातली काही घरं तिकडे गेली. काहींनी तर त्यांच्या भरवशावर स्वतःच्या गाड्या विकल्या. आता कंपनी म्हणते, या भागात गाड्या पुरेशा फिरत नाहीत, परवडत नाही. फोनवर निरोप आला आणि सकाळी रस्ता रिकामा.

संध्याकाळी सोडून गेलेल्यांपैकी दोघं दारात. मान खाली. "काका, परत घ्याल का?" मी म्हटलं, मी कोण घेणारा, डॉक्टरांना विचारा. त्यातला बेकरीवाला म्हणाला, "काकूंनी टोमणा मारला असता."

"काय म्हणाली असती?"

त्याने विचार केला. "म्हणाल्या असत्या, या, नारिंगी सोलून झाली का?"

मला हसू आलं. त्यानेही पाहिलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

९ मार्च

दाढी आता सकाळीच उरकतो. नर्सबाई साताला येते, धावपळ नको.

११ मार्च

नर्सबाईला विचारलं, ही तुमच्याशी काय बोलायची? विचारायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. ड्यूटीला उशीर होत होता तरी टेकली. म्हणाली, "माझं लग्न मोडलं तेव्हा सगळ्यांनी सल्ले दिले. काकूंनी फक्त सांगितलं, आज निळी घेऊ नकोस, ब्रेक कडक आहे, तुझा पाय थरथरतोय, लाल घे." एवढंच. "एवढंच, पण मला बरं वाटलं."

ती गेल्यावर लक्षात आलं, मी तिला किल्लीच द्यायला विसरलो होतो. खिडकीतून हाक मारली.

१६ मार्च

डॉक्टर आले, बरोबर तिसऱ्या मजल्यावरची इंजिनिअर. दोघांचे चेहरे असे, जणू मला बक्षीस लागलंय.

"भाऊ, झालं तुमचं काम!"

प्रत्येक गाडीत एक डबी बसवायची. फोन दाखवला की गाडी उघडते, किल्ली आतच राहते. कंपनीच्या गाड्यांसारखंच, पण आपलं स्वतःचं. कंपनी गेल्यापासून नव्या घरांची रांग लागली आहे, आणखी गाड्या घ्याव्याच लागणार. "आणि एवढी माणसं तुमच्या दारात उभी करायची? तुम्ही बोललात ते मी विसरलो नाही. सगळ्यांना सांगितलं, भाऊंना मोकळं करायचं. लोकांनी लगेच वर्गणी काढली."

इंजिनिअर म्हणाली, "मी रविवारी बसून सगळं जोडणार आहे काका. तुम्ही फक्त आराम करा."

मी म्हणालो, "बरं झालं."

दुसरं काय म्हणणार?

१७ मार्च

रात्री आठवत राहिलं. "बरं झालं" म्हणायच्या आधी मी जरा थांबलो होतो. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. का यावं?

२० मार्च

डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, एक अडचण दिसते. टेलरकाकांचा फोन साधा, बटणांचा. त्यांनी गाडी कशी उघडायची?

"वा! हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं."

संध्याकाळी त्यांचाच उलटा फोन. फोनऐवजी कार्ड चालेल, काचेला टेकवलं की उघडते. टेलरकाकांचं कार्ड बनवायला टाकलंसुद्धा.

२३ मार्च

डॉक्टरांच्या इमारतीच्या तळघरात दोन गाड्या उभ्या असतात. तिथे फोनला रेंज येत नाही, हे मी स्वतः जाऊन बघितलं. इंजिनिअरला सांगितलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही खाली उतरून बघितलंत? आमच्यासाठी?"

दोन्ही गाड्यांना बेकरीमागच्या मोकळ्या आवारात जागा मिळाली. बेकरीवाल्यानेच दिली. परत घेतल्याचे उपकार म्हणे.

२७ मार्च

विचार करून तिसरी अडचण काढली, आणि ही खरी आहे. दारात किल्ली देताना समोरचा माणूस दिसतो. फोन काय, नवऱ्याचा बायको वापरेल, बापाचा मुलगा वापरेल. परवाना नसलेला कोणी गाडी घेऊन गेला आणि आपटली तर विमा कंपनी हात वर करणार.

इंजिनिअरने टेबलावर हात मारला. "काका, हा मुद्दा भारी आहे!" आता गाडी सुरू करायच्या आधी डबीच तोंडाचा फोटो घेणार आणि जुळला तरच चालू देणार.

डॉक्टरांनी मला कमिटीत घेतलं आहे. बारकाई असलेला माणूस हवा म्हणून.

म्हणजे मी जेवढे खोडे घालतो तेवढं काम पुढे सरकतं. आता गप्प बसलेलं बरं.

२ एप्रिल

मुलीचा फोन. तिला डॉक्टरांनी सांगितलं असावं. "बाबा, बरं झालं ना, आता माझ्याकडे येऊन राहा महिनाभर. आई गेल्यावर त्या किल्ल्यांनी तुम्हाला घरात कोंडून ठेवलंय."

हो म्हणालो.

"की तुम्हाला यायचंच नाहीये?"

तसं नाही, म्हणालो. मग ती नातवाच्या दातांबद्दल बोलली.

६ एप्रिल

मंडळाची सभा, शाळेच्या हॉलमध्ये. पूर्वी आमच्या पुढच्या खोलीत मावायची. आता खुर्च्या कमी पडल्या, लोक भिंतीला टेकून उभे. निम्म्या लोकांना मी ओळखत नाही. नव्या लोकांच्या तक्रारी जास्त. शनिवारी गाडी मिळतच नाही. कोणी सीटवर कुत्रा बसवला. टाकी रिकामी करून गाडी ठेवली ती कोणी? कोणीच कबूल होईना.

मग डबीचा विषय. एकटा येतोच उठला. "कशाला हा खटाटोप? आहेत तिथे आहेत की किल्ल्या. काकांना असा काय त्रास आहे? खोलीतून दारापर्यंत चार पावलं!"

मला वाटलं, आता कोणीतरी म्हणेल, अरे हो, काकांनाच विचारा.

नर्सबाई ताडकन उठली. "लाज वाटते का बोलायला? माणूस कशातून जातोय आणि तुला स्वतःची सोय पडलीय!"

"अगं, मी कुठे..."

"बस खाली!"

बसला बिचारा. कान लाल. माझ्याकडे बघून हात जोडले त्याने.

तेव्हा मला उठता आलं असतं. वाक्य तयार होतं, "माझी काही हरकत नाही, राहू देत." एवढंच म्हणायचं होतं. पण तिने माझ्यासाठी भरल्या हॉलमध्ये भांडण केलं होतं. आणि डॉक्टरांनी वर्गणी काढलेली, इंजिनिअरचे सगळे रविवार गेलेले.

हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी केले. मीही केला.

१३ एप्रिल

लाल गाडीवर पहिली चाचणी. टेलरकाकांचं कार्ड चालेना. काचेवर डावीकडून टेकवलं, उजवीकडून टेकवलं, शर्टाला पुसून टेकवलं. "बटण लागत नाही हो काजात," म्हणाले. मी वरून खिडकीतून बघत होतो. त्यांनी वर बघून हात हलवला. खाली गेलो नाही.

इंजिनिअर धावत आली. अर्ध्या तासात चालू झालं.

१९ एप्रिल

पांढरी आणि निळी झाल्या. फळीवर आता तीनच किल्ल्या. नर्सबाई आज आली नाही. निळी तिच्या फोनवर उघडली असणार. साताला मी दाढी करून तयार होतो.

२२ एप्रिल

येतोच आला. तो नेहमी नेतो ती गाडी अजून किल्लीवाली आहे. वेळेवर आला! मीच घड्याळ बघितलं.

"काका, सभेत मी बोललो ते..."

"बरोबर बोललास तू."

तो बघत राहिला. पुढे काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, हिने तुझं नाव येतोच ठेवलं होतं, माहीत आहे का?

"माहीत आहे की! फोन उचलला की त्याच म्हणायच्या, बोला, येतोच. आणि वर म्हणायच्या, तुझ्या मयतीलासुद्धा तू उशिरा येशील." मग जीभ चावली त्याने. "सॉरी काका."

"अरे, हस."

जिना उतरेपर्यंत हसत होता.

२७ एप्रिल

शेवटची म्हातारी. ही आमची जुनी गाडी, मंडळात सगळे तिला म्हातारीच म्हणतात. तिच्यात डबी बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, जुन्या तारा जुळेनात. पुढच्या दाराशी इंजिनिअर उकिडवी बसलेली, नवरा टॉर्च धरून उभा. "अहो, उजेड हातावर पाडा, माझ्या तोंडावर काय बघताय!" मी म्हटलं, काचा लावा. दोघं जोरात हसली.

आणि ती सुरू झाली. ही छान चालवायची म्हातारीला. निदान पहिली काही वर्षं तरी. मला चालवता येत नाही, मी शेजारी बसायचो.

डॉक्टरांनी सगळ्यांच्या वतीने माझे आभार मानले. "भाऊ, आजपासून तुम्ही मोकळे."

२८ एप्रिल

बेल नाही.

१ मे

चष्म्याची काडी दुरुस्त करून आणली. दुकानदार म्हणाला, इतके दिवस कसे काढलेत या चिकटपट्टीवर? रस्त्याने परत येताना नर्सबाई निळीतून समोरून गेली. तिने हॉर्न वाजवला. मी हात केला तोवर गाडी वळली होती.

६ मे

बेल वाजली. गॅसवाला होता. शेजारच्यांकडे जायचं होतं त्याला.

११ मे

म्हातारीचा डावा दरवाजा कोणीतरी पार घासला आहे. कोणी कबूल करेना. फोटोवरून शेवटी कोणी नेली ते कळलं, पण तो म्हणतो आधीपासून होतं. त्याच्या आधीची बाई म्हणते माझ्या वेळी नव्हतं. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, मंडळातलं कोणीच त्यांना ओळखत नाही. कमिटीत दोन तास हेच.

टेलरकाका म्हणाले, "ताईंच्या दारात उभं राहायचं म्हणून माणूस रस्त्यात थांबून आरशात तोंड बघून यायचा."

डॉक्टर म्हणाले, "काळ बदलला, काका. आणखी तीन गाड्या येताहेत. तोंडं बघत बसलो तर मंडळ कसं चालणार?"

दोघांचंही खरं आहे. मला विचारलं तेव्हा मी सांगितलं, गाडी परत ठेवताना चारी बाजूंचे फोटो काढायचा नियम करा. मंजूर झालं.

१८ मे

मधलं दार लावून घेतलं.

२४ मे

मुलीला कळवलं, पुढच्या महिन्यात येतो. ती खूश झाली. नंतर म्हणाली, "बाबा, तुम्ही असे एका फोनवर तयार होता म्हणजे मला भीतीच वाटते."

२९ मे

डॉक्टर फळी काढायला आले. मी म्हटलं होतं राहू द्या, पण भिंतीला भोकं नकोत म्हणून स्क्रू-ड्रायव्हर, बुजवायला लांबी, सगळं घेऊनच आले. स्क्रू गंजलेले, फिरेनात. घाम पुसत म्हणाले, "एक सांगू का भाऊ? माझ्या मनाला लागून राहिलंय. वहिनींनी हेच मागितलं होतं. चार वर्षांपूर्वी. किल्ल्या हलवा डॉक्टर, मला या दारातून सुटू द्या. दोन-तीनदा म्हणाल्या. पण हसत म्हणायच्या, म्हणून आम्हीही हसण्यावारी नेलं. तुम्ही बोललात तेव्हा मला ते आठवलं. म्हणून तर एवढी घाई केली."

मी फळी धरून उभा होतो.

"म्हातारी घेऊन एका ठिकाणी जायचंय म्हणाल्या. पूर्ण दिवस लागेल, म्हणून इथून निघता येत नाही."

कुठे, मी विचारलं.

"ते मी नाही विचारलं."

मीही नाही.